फोर्टमधली बाबासाहेबांची वाट

६ डिसेंबरला आम्ही वाशिमची मंडळी चैत्यभूमीला वंदन करून परतीच्या गाडीसाठी बोरीबंदरच्या फलाटावर तासन् तास बसतो. यंदा लेकराबाळांसह फोर्ट पायी पाहिला. १८६० नंतर इंग्रजांनी कोट पाडला, नाव तेवढे उरले.

डी. एन. रोडवर सिद्धार्थ कॉलेज लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ साली काढले. फाउंटनपलीकडे १८७८ची हायकोर्टाची दगडी इमारत. १९२३पासून बाबासाहेबांनी इथे वकिली केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले द्यायला सॉलिसिटर कचरत! पुढे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज. सयाजीराव महाराजांच्या महिना २५ रुपये शिष्यवृत्तीवर सुभेदार रामजींचा लेक इथून बी.ए. झाला.

बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही. भाकरी सोबत घ्यावी.