पंचवीस हजारांचा जामीन, हजाराची उचल

कॅलिफोर्नियात जुनं किचन उखडून नवं करायचं ठरलं की मराठी घरातही तीन शब्द घोळू लागतात: लायसन्स, परमिट, बॉण्ड. पहिल्या दोघांची धाटणी ओळखीची. तिसरा ऐकून मात्र बरेच जण निर्धास्त होतात, 'चला, कंत्राटदाराचा विमा आहे म्हणजे!' तो विमा नाही.

बॉण्ड म्हणजे कंत्राटदारासाठी कंपनी जामीन राहते. घरमालकाचा दावा खरा ठरला तर कंपनी पैसे देते, आणि मग तेच पैसे कंत्राटदाराकडून वसूल करते. त्यामुळे बॉण्ड देताना तिला त्याच्या टाइल्स सरळ बसतात का याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती बघते क्रेडिट स्कोअर. पत चांगली असेल तर वर्षाला काहीशे डॉलरमध्ये भागतं. पत बिघडलेल्याला तोच कागद कितीतरी महाग पडतो.

रक्कम किती? 2016 पासून 15,000 डॉलर होती, 1 जानेवारी 2023 पासून 25,000. ऐकायला भक्कम, पण तिथल्या बऱ्याच किचनचं बिल याच्या पुढे जातं. शिवाय ही रक्कम दर घरामागे नाही, सगळ्या दाव्यांची मिळून आहे. एकाने पाच घरं अर्धवट टाकून पोबारा केला तर पाचही मालकांनी त्यातच वाटून घ्यायचं. मजुरी बुडालेले कामगारही त्याच रांगेत.

कंत्राटदाराची कंपनी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) असेल तर कामगारांच्या देण्यांसाठी वेगळा 1,00,000 डॉलरचा बॉण्ड लागतो. मालकाच्या किचनला पंचवीस, कामगाराच्या घामाला लाख. हे मला तरी आवडलं.

मालकाचं खरं संरक्षण वेगळ्याच नियमात आहे. घरदुरुस्तीच्या कामाला उचल जास्तीत जास्त 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातलं जे कमी असेल ते. काम साठ हजारांचं असलं तरी हजारच! पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या मापात. 'मटेरियल आणायला निम्मे द्या' म्हणणाऱ्याला तिथला कायदाच नाही म्हणतो. याला अपवाद असतो तो सगळ्या कामांसाठी मोठा हमी-बॉण्ड भरून ठेवलेल्या कंत्राटदाराचा.

इतर ठिकाणी तऱ्हा निराळ्या. वॉशिंग्टन राज्याने जुलै 2024 पासून जनरल कंत्राटदाराचा बॉण्ड 12,000 वरून थेट 30,000 केला. आपल्याकडे विमा कंपन्यांना असे जामिनाचे (शुअरिटी) बॉण्ड विकण्याची वाट 2022 मध्ये मोकळी झाली आणि त्याच डिसेंबरात नितीन गडकरींच्या हस्ते पहिलं उत्पादन बाजारात आलं. पण तो मामला रस्ते-पुलांच्या कंत्राटांचा, ओट्याच्या ग्रॅनाइटचा नव्हे.

पुन्हा कॅलिफोर्निया. तिथे बॉण्ड रद्द झाला की लायसन्सही निलंबित. लायसन्स देणाऱ्या कंत्राटदार मंडळाच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर टाकला की बॉण्ड चालू आहे का, कोणत्या कंपनीचा आहे, सगळं दिसतं; फुकट. आणि लायसन्स लागत असताना ते नसलेल्याने काम केलं, तर मजुरीसाठी त्याला कोर्टात दावा लावता येत नाही. उलट मालक दिलेले सगळे पैसे परत मागू शकतो, काम झकास झालं असलं तरी! बिनलायसन्स कामाची मर्यादा 2025 पासून 500 ची 1,000 डॉलर झाली, तीही परमिट लागत नसेल आणि हाताखाली माणूस नसेल तरच.

मंडळाचं एक पथक तर चक्क सापळे लावतं. एक घर घ्यायचं, तपास अधिकाऱ्यांनी घरमालक बनायचं, जाहिराती करणाऱ्या बिनलायसन्स मंडळींना बोलवून अंगण, रंग, फरशी दाखवायची आणि भाव विचारायचा. पाहुणा टेप लावून मापं घेतो, हिशेब करतो, आकडा सांगतो. आकडा मर्यादेच्या वर गेला की कामाच्या ऑर्डरऐवजी हातात पडतं कोर्टाचं बोलावणं.