बायोस फक्त मदरबोर्डवरच असतो?

कॉम्प्युटरचं फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरची ती एक चिप, असं बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्ड, डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड यांच्यावरही रॉम असू शकतो आणि मशीन सुरू होताना त्यातला कोड फर्मवेअरचाच भाग बनतो. अनेक जुन्या पीसींवर बटण दाबताच दिसणारी पहिली ओळ मदरबोर्डच्या बायोसची नसून ग्राफिक्स कार्डाच्या रॉमची असे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या बायोसला हार्ड डिस्क ठाऊकच नव्हती. नवं कार्ड निघालं की दर वेळी मदरबोर्डवरची चिप बदलायची का? ऑक्टोबर १९८२च्या बायोसपासून आयबीएमने फार सुरेख तोड काढली: कार्डाने आपला कोड सोबत आणावा, बायोसने तो शोधून चालवावा. १९८३च्या एक्सटीमधली १० एमबीची हार्ड डिस्क याच जोरावर चालली.

हा शोध कसा घेतात ते पाहण्यासारखं आहे. ६४० केबीच्या वरचा मेमरीचा ठरावीक पट्टा बायोस दर २ केबीवर तपासत जातो. एखाद्या ठिकाणी हेक्समधले ५५ आणि एए हे दोन बाइट लागोपाठ दिसले, की तिथे रॉम आहे असं तो मानतो. तिसरा बाइट लांबी सांगतो, ५१२ बाइटांच्या पटीत. तिथे १६ असेल तर रॉम ८ केबीचा. मग सगळ्या बाइटांची बेरीज होते. तिचे शेवटचे आठ बिट शून्य आले, तर चौथ्या बाइटपासूनचा कोड चालवला जातो.

ही बेरीज म्हणजे सुरक्षेची तपासणी, हा समज धोक्याचा आहे. मजकूर धड वाचला गेला का, एवढंच ती सांगते. बेरीज जुळवून हवा तो कोड कुणीही लिहू शकतो.

हा कोड कार्डावरची चिप चालवते, असंही अनेकांना वाटतं. तो चालवतो मुख्य प्रोसेसरच, आणि तोही पूर्ण अधिकारांनिशी. पीसीआय कार्डांच्या बाबतीत बायोस तो आधी रॅममध्ये उतरवून घेतो.

मग कार्ड मूळ बायोस पुसून स्वतःचा लिहितं का? मुळीच नाही. रॅमच्या अगदी सुरुवातीला इंटरप्टचा तक्ता असतो, म्हणजे कोणत्या कामासाठी कुठला कोड चालवायचा त्याचे पत्ते: २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट. हेक्स १३ ही नोंद डिस्कची. हार्ड डिस्कचा रॉम तिथला जुना पत्ता उचलून हेक्स ४० या नोंदीत ठेवतो आणि १३च्या जागी स्वतःचा लिहितो. आता डिस्कची प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे येते. फ्लॉपीची असेल तर तो ती जुन्या पत्त्यावर धाडतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक बाइटही बदलत नाही. कार्ड काढून मशीन पुन्हा सुरू करा, सगळं पूर्ववत.

जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आल्यावर हे सारं संपलं, हाही गैरसमजच. रॉम आजही आहेत; फक्त त्यांत आता यूईएफआयचे ड्रायव्हर असतात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांची डिजिटल सही तपासली जाते. ही तपासणी किती गरजेची, ते डिसेंबर २०१४मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी दाखवून दिलं. थंडरबोल्टला जोडलेल्या उपकरणाच्या रॉममधून त्यांनी मॅकबुकचं फर्मवेअरच बदलून दाखवलं. त्यांच्या या हल्ल्याचं नाव थंडरस्ट्राइक.

घरगुती वापरात यूईएफआयकडे झालेल्या बदलाचा फटका वेगळ्याच रूपात बसतो. नव्या मदरबोर्डात जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर कार्ड लगेच भंगारात काढू नका. त्याच्या रॉममध्ये फक्त जुन्या बायोससाठीचा कोड असू शकतो. मदरबोर्डात सीएसएम हा जुन्या बायोससाठीचा कोड चालवू देणारा पर्याय असेल, तर सिक्युअर बूट बंद करून तो चालू करून पाहा.