हेडफोनची छापील आणि न छापलेली किंमत

तास संपल्यावर फळ्यावरील मागणीवक्र पुसत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पाचशे रुपयांचा हेडफोन आणि वीस हजारांचा हेडफोन यांच्या आवाजात चाळीसपट फरक असतो काय?” वर्गात हशा पिकला, परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न मुळीच हास्यास्पद नव्हता. विद्यार्थ्याचा अभ्यास, नोकरदाराचा लोकलमधील दीड तास आणि शिक्षकाचा दूरस्थ वर्ग ही सारी आज या वस्तूवर अवलंबून आहेत. तेव्हा तिच्यासाठी मोजलेल्या पैशांच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हे विचारण्याचा ग्राहकाला पुरता अधिकार आहे.

एके काळी हेडफोन ही बिनतारी संदेश घेणाऱ्यांची आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांची मिरासदारी होती. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीच्या वॉकमनने तो रस्त्यावर आणला. पुढे मोबाइल फोन आला आणि चैनीची ही वस्तू पाहता पाहता गरजेच्या यादीत जाऊन बसली. वस्तू गरजेची झाली की तिच्या किमतीचा प्रश्न हा केवळ हौशी मंडळींचा प्रश्न राहत नाही.

किंमत आणि गुण

बहुतेक हेडफोनांची अंतर्गत रचना एकच असते. एक लोहचुंबक, तारेचे एक वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की वेटोळे हलते, पडदा थरथरतो आणि हवेत ध्वनिलहरी उमटतात. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे लहान पण शक्तिमान चुंबक उपलब्ध झाले आणि ही यंत्रणा हलकी व स्वस्त झाली. कॉस कंपनीचा ‘पोर्टा प्रो’ हा हेडफोन १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जात आहे. महागड्या हेडफोनांच्या तुलनेत त्याची किंमत अल्प असूनही जाणकार त्याला आजही नावाजतात.

याला संशोधनाचाही आधार आहे. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या खर्जापासून वरच्या टिपेपर्यंतचे स्वर हेडफोन कोणत्या प्रमाणात उमटवतो आणि त्याची किरकोळ किंमत किती, यांत संबंध आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ स्वस्त हेडफोन चांगलेच असतात असा कोणी घेऊ नये. अनेक स्वस्त हेडफोनांत डग्ग्याचा ठोका इतका फुगवलेला असतो की गायकाचा आवाज त्याखाली दबतो आणि तानपुऱ्याची जवारी ऐकूच येत नाही. अर्थ एवढाच की, केवळ किमतीवरून गुण ओळखता येत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो. पाचशेवरून दोन हजारांवर गेल्यास, निवड योग्य असेल तर, फरक स्पष्ट जाणवू शकतो. दहा हजारांवरून वीस हजारांवर जाताना मात्र तो शोधावा लागतो. त्यापुढील रकमेचा काही भाग, थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली वर्णन केलेल्या प्रदर्शनी उपभोगाच्या खाती जमा होतो.

मग वरच्या किमतीत मिळते तरी काय? कानांना न रुतणारी गादी, बदलता येणारी वायर, मजबूत सांधे आणि मुख्य म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करण्याची सोय. या शेवटच्या सोयीची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली आणि १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन विक्रीस आणला. त्यातील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्रणा त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करून तो पुष्कळसा शमवते. इंजिनाची एकसुरी घरघर यामुळे चांगली कमी होते. अचानक वाजणारा हॉर्न किंवा शेजारच्यांच्या गप्पा तितक्या कमी होत नाहीत.

खोक्यावर नसलेला खर्च

गोंगाटाचा मुद्दा केवळ सुखसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो जेमतेम चार तास उरतो. लोकलच्या खडखडाटात किंवा एस.टी.च्या घरघरीत कान उघडे ठेवणारा हेडफोन लावला की ऐकणारा नकळत आवाज चढवतो आणि आठवड्याचा वाटा दोन-तीन दिवसांतच संपवून टाकतो. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हा खर्च खोक्यावर छापलेला नसतो आणि तो विशी-तिशीत नव्हे, तर पन्नाशीत वसूल होतो.

सुदैवाने यावरील उपाय महाग नाही. कानाच्या छिद्रात नीट बसणारी, योग्य मापाची रबरी टोपणे असलेला साधा इयरफोनही बाहेरचा आवाज बराच अडवतो आणि मग आवाज चढवावा लागत नाही. रस्ता किंवा रेल्वेरूळ ओलांडताना मात्र तो काढलाच पाहिजे.

दुसरा न छापलेला खर्च टिकाऊपणाचा. समजा, दीड हजारांचा वायरचा हेडफोन पाच वर्षे टिकला, तर वर्षाला तीनशे रुपये पडतात. सहा हजारांच्या बिनतारी जोडीची बॅटरी तीन वर्षांत क्षीण झाली, तर वर्षाला दोन हजार. अशा बहुतेक जोड्यांतील बॅटरी बदलता येत नाही, म्हणजे सारी वस्तूच कचऱ्यात जाते.

लेबल का नसावे?

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, गुणांची माहिती विक्रेत्यालाच असेल आणि ग्राहकाला नसेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. हेडफोनच्या बाजाराची हीच गत आहे. खोके सीलबंद असते, खरेदी बहुधा चित्र पाहून होते आणि खोक्यावर बॅटरीचे तास व ‘दमदार बास’ यांपलीकडे फारसे काही नसते. वस्तूचा दर्जा व मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायद्याने १९८६ साली दिला आणि २०१९ च्या कायद्याने तो कायम ठेवला. रेफ्रिजरेटर किती वीज खातो हे सांगणारी तारांकने २००६ पासून आपल्या परिचयाची झाली आहेत. त्याच धर्तीवर हेडफोन जास्तीत जास्त किती डेसिबलचा आवाज काढतो, बाहेरचा आवाज किती अडवतो आणि त्याची बॅटरी बदलता येते की नाही, एवढ्या तीन गोष्टी खोक्यावर छापण्याचे बंधन घालणे अशक्य नाही. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावयास हवी.

विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते असे: आवाजात चाळीसपट फरक नसतो; कित्येकदा दुपटीचाही नसतो. कानात नीट बसणारा, गायकाचा आवाज स्वच्छ ऐकवणारा आणि दुरुस्त करता येणारा हेडफोन घे. उरलेल्या पैशांची पुस्तके घे. आणि आवाज बेताचा ठेव, कारण हेडफोन बिघडला तर दुसरा मिळतो, कान मात्र दुसरे मिळत नाहीत.