चाकांची परांची डगमगते का? आधी चाकांच्या वरचा आडवा पाइप पाहा

गणपती जवळ आले की मालवण किनारपट्टीवर घरे, देवळे आणि होम-स्टे रंगवण्याची घाई सुरू होते. बांबूच्या परांचीऐवजी आता चाकांवर ढकलता येणारी लोखंडी परांचीही वापरली जाते. एक भिंत झाली की ब्रेक काढायचा आणि परांची पुढे न्यायची. काम झटपट होते; पण एक आडवा पाइप लावायचा राहिला, तर वर उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

परांची पिळते कशी?

काड्यापेटीचे रिकामे कव्हर कोपऱ्यावर दाबून पाहा. बाजूंची लांबी तीच राहते, पण चौकोन तिरका होतो. आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी बसवली की दोन त्रिकोण तयार होतात आणि आकार हलत नाही.

परांचीचेही तसेच आहे. बाजूंचे फुलीसारखे पाइप फ्रेम उभ्या ठेवतात. मात्र वरून पाहिले, तर चार पायांचा चौकोन मोकळाच असतो. ढकलताना एक चाक चिऱ्यांच्या फटीत अडकले, की हा चौकोन तिरका होतो, सांधे सैल पडतात आणि पाय उचलला जातो. म्हणून चाकांच्या लगेच वर, समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारा आडवा तिरका पाइप लागतो. उंच परांचीत तो वरच्या टप्प्यांवरही लावतात. किती टप्प्यांवर, हे उत्पादकाच्या सूचनेत दिलेले असते.

वारा किती चालतो?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले होते. चाकांच्या परांचीसाठी ब्रिटनमधील 'पास्मा' संस्थेची मर्यादा यापेक्षा बरीच कमी, ताशी सुमारे २७ किलोमीटर आहे. वारा त्यापुढे गेला की काम थांबवायचे. युरोपीय मानक 'ईएन १००४' उघड्यावर ८ मीटर आणि इमारतीच्या आत १२ मीटर उंचीपर्यंतच्या टॉवरसाठी आहे. भारतात परांचीच्या सुरक्षिततेसाठी 'आयएस ३६९६' ही संहिता आहे.

चढण्यापूर्वी हे तपासा

• चारही चाकांचे ब्रेक लावलेले आहेत का? खालची जमीन घट्ट आणि सपाट आहे का?

• चाकांच्या वरचा आडवा तिरका पाइप लावला आहे का?

• खाऱ्या हवेने क्लॅम्प, पिना गंजल्या आहेत का? गंजलेला भाग लगेच बदला.

• उंची पायाच्या कमी रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त आहे का? अमेरिकी नियमांनुसार अशी परांची बांधून किंवा आधार देऊन स्थिर करावी लागते. म्हणजे रुंदी १.२ मीटर असेल, तर ४.८ मीटरच्या पुढे.

• पावसासाठी ताडपत्री गुंडाळली आहे का? ती शिडासारखा वारा धरते. काढून टाका.

• परांची हलवताना वर माणूस, डबे किंवा अवजारे ठेवू नका. ढकलताना खालून जोर लावा.

आडवा पाइप लावायला काही मिनिटे पुरतात. तो नसेल, तर वर चढण्यास नकार द्या.