बालपण आणि वृद्धापकाळाचें आरोग्य

वार्धक्यांत शरीरास जे विकार जडतात, त्यांचें कारण आपण बहुधा मध्यम वयांतील खाण्यापिण्यांत, व्यसनांत किंवा दगदगींत शोधितों. तें चुकीचें नाहीं. परंतु अपुरें आहे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या रोगांचें बीज कित्येकदां मनुष्य जन्मास येण्यापूर्वींच, मातेच्या उदरांत पडलेलें असतें, असें गेल्या कांहीं दशकांच्या संशोधनावरून दिसून येतें. आजचीं मुलें हींच उद्यांचीं आईबापें होत. म्हणून हा विषय पालकांइतकाच विद्यार्थ्यांच्याही विचारार्थ मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांत मार्गारेट बर्नसाइड नांवाच्या परिचारिकेच्या देखरेखीखालीं १९११ सालापासून एक स्तुत्य प्रघात पडला. बाळ जन्मलें कीं सुइणीनें त्याचें वजन नोंदवावें. पुढें परिचारिकेनें घरोघर जाऊन त्याच्या वाढीची विचारपूस करावी. आणि तें वर्षाचें झालें म्हणजे पुन्हां वजन घ्यावें. तें आईच्या अंगावर पितें कीं बाटलीनें, हेंही वहींत लिहिलें जाई. या वह्या सुदैवानें जपून राहिल्या. डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांवरून १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढिला व १९८९ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वर्षाचे असतां ज्यांचें वजन १८ पौंड किंवा त्याहून कमी होतें, त्यांच्यांत हृदयविकारानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण २७ पौंड किंवा त्याहून अधिक वजन असलेल्यांच्या अडीच पटींहून जास्त भरलें. पाळण्यांतील वजनाचा साठ वर्षांनंतरच्या हृदयाशीं असा संबंध असेल, हें पूर्वीं कोणाच्या ध्यानींही नव्हतें.

असें कां व्हावें? गर्भास पोषण कमी पडलें म्हणजे तो मिळेल त्यांतून प्रथम मेंदूची गरज भागवितो. स्नायू, मूत्रपिंडें, स्वादुपिंड इत्यादिकांच्या वांट्यास उरलेलें येतें. मूत्रपिंडांतील गाळण्यांची संख्या जन्माच्या सुमारासच कायम होते. मागाहून त्यांत भर पडत नाहीं. काटकसरीनें घडलेल्या अशा देहास पुढें सुबत्ता लाभली कीं तो भार त्यास पेलत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

हॉलंडचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें त्या देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि माणशीं दररोजचा शिधा हजार उष्मांकांच्याही खालीं गेला. गर्भारपणाच्या आरंभींच्या महिन्यांत ज्या मातांनीं ही उपासमार सोसली, त्यांचीं बालकें जन्मतां सरासरीनें नेहमींच्याच वजनाचीं होतीं. तथापि पन्नाशीच्या सुमारास त्यांच्यांत हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे बाळ वरून सुदृढ दिसलें, तरी आंतील उणीव राहूं शकते.

आपल्या प्रांतांतही हा प्रश्न अभ्यासिला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें यांची पाहणी आरंभिली. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो भरलें. विशेष हें कीं, आपल्या बालकांच्या अंगीं मांस बेताचें असलें तरी चरबी त्या मानानें कमी नव्हती. दिसण्यांत कृश अशा आपल्या लोकांस मधुमेह लवकर कां गांठतो, याचें एक कारण येथें सांपडतें.

यावरून कोणीं असें समजूं नये कीं, जन्मतां लागलेला लेख पुसतां येत नाहीं. वर सांगितलेला धोका हा संभव आहे, शिक्षा नव्हे. बेताचा व चौरस आहार, नित्य व्यायाम व तंबाखूचा त्याग यांनीं तो पुष्कळ कमी होतो. शिवाय हाडांची बळकटी तिशीच्या आंतबाहेरपर्यंतच सांठवितां येते. पुढें नुसता खर्च. तेव्हां विद्यार्थ्यांनीं मैदानावर घालविलेला तास वायां गेला असें मानूं नये.

पालकांस मात्र एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. अनेक घरांत अजूनही मुली व सुना सर्वांच्या मागून जेवतात, आणि दूध-तुपाचा पहिला वांटा मुलाचा ठरतो. उपाशीपोटीं शाळेंत येणाऱ्या, प्रार्थनेच्या वेळीं भोंवळ येऊन बसणाऱ्या मुली आम्ही दरवर्षीं पाहतों. उद्यां त्याच माता होणार. त्यांच्याच रक्तावर पुढील पिढीचा देह घडणार. मुलीच्या ताटांत आज पडलेली उसळ व दुधाचा पेला हे तिच्याच नव्हे, तर अजून न जन्मलेल्या नातवंडांच्या वार्धक्याचीही तरतूद करितात. आजचीं ताटें वाढतांना प्रत्येक गृहिणीनें व गृहस्थानें एवढें ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंती आहे.