सारथ पाण्यात उतरतो तेव्हा

चौदा टनांचं लोखंडी धूड नदीत उतरतं आणि बुडत नाही. पाण्यात त्याचे ट्रॅकच वल्ह्यांचं काम करतात आणि ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने ते पैलतीर गाठतं. बघणारे त्याला सरसकट रणगाडाच म्हणतात. लष्कराच्या लेखी मात्र सारथ हे पायदळाचं लढाऊ वाहन आहे: तिघे ते चालवणारे-लढवणारे, सात जण त्यातून उतरून लढणारे, आणि वर ३० मिलिमीटरची तोफ.

सोव्हिएत बीएमपी-२ची ही भारतीय आवृत्ती हैदराबादजवळ येद्दुमैलारमला तयार होते. तिथल्या कारखान्याचा पाया १९८४ साली घातला गेला आणि १९८७मध्ये सारथ लष्कराच्या हाती पडू लागला. कारखान्याला नाव मेदकचं असलं, तरी आज हे गाव संगारेड्डी जिल्ह्यात मोडतं. २०२१मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या आणि मेदकचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेला.

सारथचं मागचं दार बघण्यासारखं आहे. दोन पाखांचं हे दार आतून पोकळ असून त्यात डिझेल भरलेलं असतं. त्याच्या कडेने रबरी सील फिरतं. सिलात वाळू अडकली, रबर कडक पडलं किंवा पाख नीट बसलं नाही, तरी रस्त्यावर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नदीच्या मध्यावर. म्हणून पाण्यात शिरण्याआधी सील पुसायचं, तळाचे प्लग घट्ट आहेत का ते हाताने तपासायचं, आत आलेलं पाणी उपसणारे पंप चालवून बघायचे आणि पुढची लाट अडवणारी फळी उभी करायची. यातलं एकही काम अंदाजाने उरकायचं नसतं.

जमिनीवरचे धोके वेगळे. ट्रॅक सैल असला, तर वळणावर चाकांवरून उतरतो. फार ताणला, तर पिना लवकर झिजतात. तोफेचे ५०० राउंड ज्या टरेटभोवती भरायचे, तिथे सुटा पाना किंवा पाण्याची बाटली राहिली, तर फिरणारं टरेट अडकू शकतं. आत हात घालण्यापूर्वी तोफ रिकामी, टरेट लॉक आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद, हा रिवाज चुकवून चालत नाही.

दारूगोळ्याजवळ काही बिघडलं तर किती महागात पडतं, हे ६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना सराव क्षेत्रात दिसलं. गोळीबार सुरू असताना टी-९० रणगाड्याची नळी फुटली आणि आतल्या तिघांपैकी दोघे दगावले.

ही यंत्रं दुरुस्त करणारं दल, ईएमई, १५ ऑक्टोबर १९४३ रोजी उभं राहिलं. 'कर्म ही धर्म' हे त्याचं ब्रीद. दलाच्या अभियंत्यांचं कॉलेज सिकंदराबादला आहे. सारथवर लढणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र मात्र आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. किरकोळ काम पलटणीतच निघतं, त्याहून मोठं फील्ड वर्कशॉपकडे जातं, आणि सगळं उकलून नव्याने बांधायचं असेल, तर बेस वर्कशॉप गाठावं लागतं.

पहिली तपासणी मात्र चालकाचीच. लांबच्या पल्ल्यावर थांबा आला की तो खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंच्या सहा-सहा चाकांच्या हबना पालथा हात लावून बघतो. एखादा हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल, तर बेअरिंग गेलं किंवा वंगण आटलं; मग मेकॅनिकला बोलावल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही.