दारुखान्याचा धक्का

हार्बर लोकलच्या खिडकीतून मुंबईचा पूर्व किनारा दिसतो, तोही ओझरता. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिरवणारं रे रोड स्टेशन हे १९१० साली कुर्ल्याहून आलेल्या गाडीचं शेवटचं ठिकाण होतं. व्हीटीपर्यंतचा मार्ग १९२५ ला पुरा झाला. स्टेशनच्या पूर्वेला बंदरांची रांग: लाकडी बंदर, कोळसा बंदर, ‘हे’ (Hay) बंदर, कौला बंदर. पडाव नि गलबतं भरतीला आत येत, ओहोटीला चिखलात टेकत. न्हावा शेवा १९८९ ला सुरू झाल्यावर मोठा माल खाडीपलीकडे गेला.

उरलं ते इथल्या दारुखान्याचं जहाजं तोडायचं भंगारकाम. जहाज तोडायला आणायचं ते उधाणाच्या भरतीला. पाणी चढलं की किनाऱ्याकडे जेवढं आत घेता येईल तेवढं घ्यायचं, चिखलात रुतवायचं, मग गॅसकटरने कापायला घ्यायचं. वजन घटेल तसं विंचने आणखी वर ओढायचं. गुजरातमधल्या अलंगला भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात, इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे मोठी जहाजं बहुतेक तिकडेच जातात.

अपवाद विक्रांतचा. १९६१ ला नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली आपली पहिली विमानवाहू नौका नोव्हेंबर २०१४ पासून इथेच तुटू लागली. ती जपावी म्हणून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढे तिच्या धातूतून बजाजने मोटरसायकल काढली. तिची जाहिरात सगळ्यांनी पाहिली. तापलेल्या पत्र्यावर उभं राहून ती नौका कापणारे मात्र कुणाच्या लक्षात नाहीत.

शेजारच्या कौला बंदरात तमिळनाडूतून आलेली कष्टकरी कुटुंबं कित्येक दशकं राहतात. जमीन पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, आताच्या बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राची. त्या कारणावरून पालिकेचं पाणी वर्षानुवर्षं वस्तीपासून लांबच राहिलं. लोक पाणी विकत घेत, तेही शहरातल्या दराच्या कैक पट दराने. तीन बाजूंनी समुद्र आणि प्यायला विकतचं पाणी!

आता याच किनाऱ्यासाठी उद्यानांचे, विहारस्थळांचे आराखडे निघतात. मुंबईकरांना समुद्र मोकळा मिळावा, याला कुणाची ना असेल? पण त्या कागदावर पहिली रेघ कौला बंदरच्या नळाची ओढावी. बोटींचे धक्के मग आखावेत.